आधीं ऐकावें, मग बोलावें

रात्रीं आकाशाकडे पाहून "तेथें कोणी राहत असेल काय?" हा प्रश्न ज्याच्या मनांत कधींच उद्भवला नाहीं, असा विद्यार्थी विरळा. हा प्रश्न पोरकट मानण्याचें कारण नाहीं. गेल्या सहासात दशकांत तो कादंबरीकारांच्या हातून निघून गणिती, पदार्थविज्ञानवेत्ते व यंत्रज्ञ यांच्या हातीं आला आहे, आणि त्याचें स्वरूपहि पालटलें आहे. "कोणी आहे काय?" एवढ्यावर न थांबतां, "कोणी असल्यास तें आपलें अस्तित्व आम्हांस कसें कळवील, आणि त्याची खूण आम्ही कशी ओळखूं?" असें आतां विचारलें जातें. या दुसऱ्या प्रश्नाचा यथामति विचार करून त्याविषयींचें आमचें मत वाचकांपुढें ठेवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तें मत थोडक्यांत असें: ऐकण्याचा उद्योग मानवजातीनें अवश्य चालू ठेवावा, जें ऐकूं आलें त्याची कसून परीक्षा झाल्याविना कोणीं डांगोरा पिटूं नये, आणि आपल्या बाजूनें हाक मारण्याचा अधिकार कोण्या एका मंडळीनें, मग ती कितीहि विद्वान् असो, परस्पर आपल्याकडे घेऊं नये. पालकांपैकीं कित्येकांस यांतील पहिली गोष्ट निरुपयोगी वाटते, व विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांस तिसरी गोष्ट भित्रेपणाची वाटते, हें आम्ही जाणून आहों. म्हणूनच दोघांशींहि थोडें बोलावयाचें आहे.

प्रथम पूर्वेतिहास पाहूं. इ. स. 1877 मध्यें शियापारेल्ली नांवाच्या इटालियन ज्योतिष्यास मंगळाच्या पृष्ठभागावर कांहीं बारीक रेषा दिसल्या. त्यांस त्यानें आपल्या भाषेंत 'कानाली' असें नांव दिलें. या शब्दाचा अर्थ निसर्गनिर्मित प्रवाहमार्ग असाहि होतो. परंतु इंग्रजींत त्याचा 'कालवे' असा तर्जुमा झाला, आणि कालवा म्हटला कीं तो खणणारा आलाच! पुढें पर्सिव्हल लोवेल या अमेरिकन गृहस्थानें 1894 सालीं ॲरिझोनामध्यें फ्लॅगस्टाफ येथें स्वतःच्या खर्चानें वेधशाळा उभारली. मंगळावरील लोक ध्रुवाकडील बर्फाचें पाणी कालव्यांनीं आणून आपला सुकत चाललेला ग्रह जगवीत आहेत, असें त्यानें मोठ्या आवेशानें प्रतिपादन केलें. लोकांचा विश्वास तरी केवढा! 1900 सालीं फ्रान्समध्यें परग्रहाशीं संपर्क साधणारास एक लक्ष फ्रँकांचें पारितोषिक जाहीर झालें. त्यांतून मंगळ मात्र वगळण्यांत आला होता, कारण तेथील लोकांशीं बोलणें म्हणजे फारच सोपें काम, अशी समजूत! 1924 च्या ऑगस्टांत मंगळ पृथ्वीच्या फार निकट आला, तेव्हां अमेरिकन आरमाराच्या बिनतारी ठाण्यांनाहि आकाशाकडे कान देण्याची सूचना झाली होती.

शेवटीं 1965 च्या जुलैंत 'मॅरिनर 4' हें यान मंगळाजवळून गेलें व त्यानें छायाचित्रें पाठविलीं. त्यांत कालवे नव्हते. होतीं तीं उल्कापातानें पडलेलीं विवरें. लोवेल लबाड होता असें कोणी म्हणणार नाहीं. तो उद्योगी व बुद्धिमान् होता. पण अंधुक ठिपके जोडून रेषा काढण्याची मानवी डोळ्याची खोड मोठी आहे, आणि इच्छा दांडगी असली कीं ती खोड अधिकच बळावते. हा धडा पुढील सर्व विवेचनांत वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. प्रकाश एका सेकंदांत सुमारें 3,00,000 किलोमीटर जातो. सूर्यापासून निघालेला किरण येथें यावयास सुमारें आठ मिनिटें लागतात. सूर्यानंतरच्या अगदीं जवळच्या ताऱ्यापासून निघालेल्या किरणास चार वर्षांहून अधिक काळ लागतो. आणि आपल्या आकाशगंगेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जावयास त्यास सुमारें एक लक्ष वर्षें हवीं. एवढ्या अंतरावर स्वतः जाणें किंवा यान धाडणें अत्यंत कठीण होय. परंतु रेडिओच्या लहरी प्रकाशाच्याच वेगानें जातात, त्या उत्पन्न करण्यास त्यामानानें थोडी शक्ति पुरते, आणि ताऱ्यांमधील धुळीच्या ढगांतूनहि त्या पार होतात. म्हणून ज्यास दूरवर हाक मारावयाची आहे तो बहुधा याच लहरींचा उपयोग करील, असें अनुमान निघालें.

पण लहरींचे प्रकार असंख्य. कोणत्या लांबीच्या लहरीवर कान द्यावा? कोक्कोनी व मॉरिसन या दोन शास्त्रज्ञांनीं 1959 च्या सप्टेंबरांत 'नेचर' या नियतकालिकांत याचें उत्तर सुचविलें. गर्दीच्या बाजारांत दोन माणसांची चुकामूक झाली आणि भेटण्याची जागा आधीं ठरलेली नसली, तर दोघेंहि विचार करतात कीं, "दुसऱ्याच्या मनांत कोणती जागा सहज येईल?" आणि मग घड्याळाच्या मनोऱ्याखालीं येऊन उभीं राहतात. विश्वांत असा मनोरा कोणता? तर हायड्रोजन वायु. विश्वांत सर्वांत विपुल असें मूलद्रव्य हेंच, आणि त्याचे अणु 21 सेंटिमीटर लांबीची, म्हणजे 1,420 मेगाहर्ट्झ कंपनसंख्येची लहर आपोआप सोडीत असतात. आकाशाचा अभ्यास करणाऱ्या कोणाहि प्राण्यास ही लहर ठाऊक असलीच पाहिजे. तेव्हां तिच्या आसपास शोधावें, असें त्यांचें म्हणणें.

त्याच सुमारास फ्रँक ड्रेक हा तरुण ज्योतिषी स्वतंत्रपणें त्याच तयारींत होता. 1960 सालीं त्यानें अमेरिकेंतील ग्रीन बँक येथील 85 फूट व्यासाची रेडिओ-दुर्बीण टाउ सेटी व एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे लाविली. हे तारे कांहींसे आपल्या सूर्यासारखे असून अनुक्रमें सुमारें 12 व साडेदहा प्रकाशवर्षें दूर आहेत. परग्रहावरील खूण हातीं लागली नाहीं. परंतु तेव्हांपासून हा शोध पद्धतशीर रीतीनें होऊं लागला.

खूण आली तर ती ओळखावयाची कशी, हें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. निसर्गांतील रेडिओ-लहरी धबधब्याच्या गर्जनेसारख्या असतात. त्यांत अनेक कंपनसंख्या एकदम मिसळलेल्या असतात. उलट, एकाच तारेचा एकच बारीक स्वर ऐकूं आला, तर तो कोणीतरी वाद्य जुळवून काढलेला आहे असें मानण्यास आधार मिळतो. म्हणून शोधक अत्यंत अरुंद कंपनसंख्येची लहर शोधतात. ती फिरणाऱ्या ग्रहावरून येत असेल तर तिचा स्वर हळूहळू सरकत राहील. दूर जाणाऱ्या आगगाडीची शिटी जशी उतरल्यासारखी भासते, तोच हा न्याय. शिवाय दुर्बीण ताऱ्यावर रोखली असतां लहर यावी, बाजूला वळवितांच ती थांबावी, व पुन्हा रोखतांच पुन्हा यावी. बाजूला वळवूनहि ती येतच राहिली, तर ती आकाशांतून नव्हे, शेजारच्या यंत्रांतून येत आहे असें समजावें. आणि त्या लहरींत 2, 3, 5, 7, 11 अशा मूळ संख्यांचा क्रम आढळला, तर मग बुद्धीचा पुरावा फारच बळकट होईल. कारण निसर्गांतील कोणतीहि ज्ञात वस्तु अशी मोजणी करीत नाहीं.

रेडिओखेरीज इतर मार्गहि विचारांत आले आहेत. फ्रीमन डायसन यानें 1960 सालीं असें सुचविलें कीं, एखादा फार पुढारलेला समाज आपल्या सूर्याची बहुतेक शक्ति वापरूं लागला, तर शेवटीं त्या शक्तीची उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. तेव्हां अदृश्य अशा उष्णकिरणांनीं तळपणारे विलक्षण तारे शोधावे. 1961 सालीं श्वार्ट्झ व टाउन्स यांनीं लेसर किरणांच्या झोतानें संदेश धाडतां येईल असें दाखविलें. एका सेकंदाच्या अब्जांश काळापुरता असा झोत स्वतःच्या सूर्यालाहि फिका पाडूं शकतो. इतर सूर्यांभोवतीं फिरणारे ग्रह आतां पांच हजारांहून अधिक सांपडले आहेत. त्यांपैकीं एखाद्याच्या वातावरणांत केवळ कारखान्यांतूनच उत्पन्न होणारे वायु आढळले, तर तीहि खूणच होय. या शेवटच्या प्रकाराचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांत कोणी हाक मारीत नसतो. चुलीचा धूर पाहून दूरच्या वस्तीचा सुगावा लागावा, तसा तो प्रकार आहे.

येथवर पद्धतीची चर्चा झाली. पण आमच्या मतें या विषयांतील खरें शिक्षण खोट्या खुणांच्या इतिहासांत आहे.

1967 सालीं केंब्रिज येथें जोसेलिन बेल ही चोवीस वर्षांची संशोधक विद्यार्थिनी यंत्रांतून निघणाऱ्या कागदाच्या लांबलचक पट्ट्या डोळ्यांनीं तपाशीत असे. त्यांत तिला एक बारीकशी विचित्र खूण आढळली. इतरांनीं ती यंत्रांतील गडबड म्हणून सोडून दिली असती. तिनें सोडली नाहीं. अधिक वेगानें नोंद घेतल्यावर असें दिसलें कीं, आकाशांतील एका बिंदूपासून दर 1.34 सेकंदांनीं, घड्याळासारख्या नियमितपणें, ठोके येत आहेत! त्या मंडळीनें थट्टेनें त्या बिंदूस 'छोटे हिरवे लोक' असें टोपणनांव दिलें. परंतु त्यांनीं वर्तमानपत्रांकडे धाव घेतली नाहीं. त्यांनीं यंत्र तपासलें, पृथ्वीवरील कारणें एकेक करून वगळलीं, आणि मग त्या डिसेंबरांत बेल हिला आकाशाच्या अगदीं निराळ्या भागांत तसलाच दुसरा बिंदु सांपडला. इतक्या दूर दूर असलेल्या दोन समाजांनीं एकाच वेळीं, एकाच तऱ्हेनें आम्हांस हाक मारावी हें असंभवनीय. पुढें कळून आलें कीं, ते अतिशय घन असे, गरगर फिरणारे मृत तारे आहेत. त्यांस आतां स्पंदक तारे म्हणतात. हा शोध शतकांतील मोठ्या शोधांपैकीं एक ठरला. 1974 चें नोबेल पारितोषिक देतांना त्याचा गौरव झाला खरा, पण तो बेल हिच्या मार्गदर्शकाच्या नांवें झाला. तिचें नांव त्यांत नव्हतें. आमच्या विद्यार्थिनींनीं ही हकीकत दोन्ही अंगांनीं लक्षांत ठेवावी.

1977 च्या ऑगस्टाच्या 15 व्या तारखेस अमेरिकेंत ओहायो येथील दुर्बिणीनें 72 सेकंदपर्यंत एक अरुंद व जोरदार लहर टिपली. जेरी एहमन या शास्त्रज्ञानें छापील आंकड्यांशेजारीं तांबड्या शाईनें "वाहवा!" अशा अर्थाचा इंग्रजी उद्गार लिहिला, व त्याच नांवानें ती लहर प्रसिद्ध झाली. पुढें पुष्कळ शोधूनहि ती पुन्हा आली नाहीं. जी पुन्हा येत नाहीं ती तपासतांहि येत नाहीं. म्हणून आजवर ती "ठाऊक नाहीं" या सदरांतच राहिली आहे, आणि ती तेथेंच राहूं देणें हें आम्ही शास्त्राचें वैगुण्य न मानतां भूषण मानतों.

ऑस्ट्रेलियांतील पार्क्स येथील गोष्ट तर हंसूं आणणारी आहे. तेथील मोठ्या दुर्बिणींत 1998 पासून मधून मधून चमत्कारिक लहरी येत. त्या पृथ्वीवरच्याच असाव्या असा संशय होता, पण उगम सांपडेना. शेवटीं 2015 सालीं छडा लागला: वेधशाळेंतील मंडळी अन्न गरम करण्याच्या विजेच्या पेटीचें दार, ती बंद होण्याच्या आधींच, घाईनें उघडीत, त्या क्षणीं सुटणारी लहर दुर्बिणींत शिरे! याच दुर्बिणीनें 2019 सालीं सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या दिशेनें एक अरुंद लहर टिपली. सरकता स्वर, अरुंदपणा, सर्व लक्षणें जुळत होतीं. तरीहि शोधकांनीं सारी टिपणें पुन्हा चाळलीं. तेव्हां तसल्याच लहरी दुर्बीण दुसरीकडे वळविली असतांहि आलेल्या आढळल्या, आणि ही मनुष्याच्याच यंत्रांची करामत होय असा निर्णय 2021 सालीं त्यांनीं स्वतःच प्रसिद्ध केला. जगांतील सर्वांत मोठा शोध आपल्या नांवावर लागण्याची आशा असतां, आपल्याच हातांनीं ती खोडून टाकणें ही लहान गोष्ट नव्हे. असें चारित्र्य ज्या उद्योगांत घडतें, तो उद्योग निष्फळ आहे असें आम्ही कसें म्हणावें?

आतां पालकांचा आक्षेप. "आमच्या गांवीं उन्हाळ्यांत नळास पाणी नाहीं, मुलाच्या फीची तजवीज होतां होतां पुरेवाट होते, आणि हे लोक ताऱ्यांवरच्या माणसांची हाक ऐकत बसले आहेत!" हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. अमेरिकेंतहि तो निघाला: सरकारी खर्चानें 1992 च्या ऑक्टोबरांत सुरू झालेला असा शोध तेथील काँग्रेसनें दुसऱ्याच वर्षीं बंद पाडला. तेव्हांपासून हें काम पुष्कळसें खासगी देणग्यांवर चालतें. 2015 सालीं एका धनिकानें त्यासाठीं दहा कोटी डॉलर देऊं केले. शिवाय पुष्कळ वेळां दुर्बीण दुसऱ्याच कामासाठीं लाविलेली असते, आणि तीच टिपणें या दृष्टीनें पुन्हा चाळलीं जातात. म्हणजे कोणाच्या तोंडचा घांस काढून हा उद्योग चाललेला नाहीं.

दुसरें असें कीं, ऐकण्याची कला ही एकच आहे. ती शिकली म्हणजे अनेक गोष्टी ऐकूं येतात. याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली महाकाय रेडिओ-दुर्बीण आहे. प्रत्येकीं 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारें 25 किलोमीटर प्रदेशांत पसरल्या आहेत, आणि त्या सर्व मिळून एका प्रचंड कानाचें काम करतात. ती परग्रहवासीयांच्या शोधासाठीं बांधलेली नव्हे. परंतु वर सांगितलेल्या हायड्रोजनाच्या लहरी ती ऐकते. एका अतिदूरच्या दीर्घिकेंतून सुमारें 880 कोटी वर्षांपूर्वीं निघालेली तीच लहर तिनें टिपल्याचें 2023 च्या जानेवारींत जाहीर झालें. आपली पृथ्वी जन्मास येण्यापूर्वीं निघालेला तो निरोप जुन्नर तालुक्यांतील एका खेड्यांत पोंचला! तो कोणा जिवंत प्राण्यानें धाडलेला नाहीं, वायूच्या अणूंनीं धाडलेला आहे, म्हणून त्याचें मोल कमी होत नाहीं.

"साठांहून अधिक वर्षें ऐकलें, कांहीं आलें नाहीं, मग आतां पुरे करा," असेंहि कोणी म्हणतील. यावर जिल टार्टर या शोधक विदुषीचें एक उत्तर मोठें मार्मिक आहे. त्यांचा दृष्टांत असा: सर्व महासागरांतून एक पेलाभर पाणी काढलें, त्यांत मासा सांपडला नाहीं, म्हणून समुद्रांत मासेच नाहींत असा निष्कर्ष कोणी काढील काय? किती तारे, किती दिशा, किती कंपनसंख्या, किती वेळ, हा सर्व गुणाकार मनांत आणला, म्हणजे आजवरचा शोध किती अल्प आहे हें ध्यानांत येतें. या शांततेचा अर्थ "कोणी नाहीं" असा नव्हे, व "कोणी आहे" असाहि नव्हे. पुरावा नसतां कोणतीहि बाजू न घेणें हें मनास जड जातें, पण तेंच खरें शिक्षण होय.

राहतां राहिला बोलण्याचा प्रश्न. येथें आमचें मत कांहीं उत्साही मंडळींस रुचणार नाहीं.

1974 च्या नोव्हेंबराच्या 16 व्या तारखेस पोर्तो रिको बेटावरील अरेसिबो येथील 305 मीटर व्यासाच्या दुर्बिणीनें सुमारें तीन मिनिटांचा एक संदेश आकाशांत धाडला. त्यांत 1,679 ठोके होते. ही संख्या 23 व 73 या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे; त्याप्रमाणें ठोके ओळींत मांडले कीं एक चित्र उमटतें: एकापासून दहापर्यंत आंकडे, जीवद्रव्याचे घटक, मनुष्याची आकृति, सूर्यमाला. युक्ति नामी, यांत शंका नाहीं. ज्या तारकापुंजाकडे तो संदेश गेला तो सुमारें 25,000 प्रकाशवर्षें दूर आहे; पन्नासांहून अधिक वर्षें चालून त्या संदेशानें वाटेचा अवघा पांचशेवा हिस्सा काटला आहे. धाडणारी दुर्बीण मात्र 2020 च्या डिसेंबरांत कोसळून पडली. त्या वेळीं इंग्लंडचे राजज्योतिषी मार्टिन राइल यांनीं या प्रकारास हरकत घेतली होती. आपलें ठिकाण असें अविचारानें जाहीर करूं नये, असें त्यांचें म्हणणें. पुढें स्टीफन हॉकिंग यांनींहि असाच इशारा दिला. 2001 सालीं क्रिमियांतील येव्पातोरिया येथून जवळच्या कांहीं ताऱ्यांकडे एक संदेश गेला, त्यांतील मजकुराची निवड करण्यांत रशियांतील शाळकरी वयाच्या मुलामुलींनींहि भाग घेतला होता. मुलांची हौस आम्हांस समजते. पण मुलांनीं काय, किंवा मोठ्यांनीं काय, सर्व पृथ्वीच्या नांवानें बोलण्याची परवानगी कोणाची घेतली?

येथें कोणी 'व्हॉयेजर' यानांचें उदाहरण देईल. 1977 सालीं सुटलेल्या त्या दोन यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तींत 55 भाषांतील अभिवादनें आहेत, त्यांत आपली मराठीहि आहे. आणि गोव्यांतील केरी गांवच्या सूरश्री केसरबाई केरकर यांनीं गाइलेली भैरवीहि आहे. दुसरें यान सुटल्यावर थोड्याच दिवसांनीं, 16 सप्टेंबर 1977 रोजीं केसरबाई निवर्तल्या. त्यांचा स्वर मात्र सूर्यमालेची वेस ओलांडून चालला आहे. याचा अभिमान कोणा मराठी माणसास वाटणार नाहीं? आम्हांसहि वाटतो. पण हें यान म्हणजे समुद्रांत सोडलेली बाटली होय. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या आसपास जावयास त्यास सुमारें 40,000 वर्षें लागतील, आणि तेव्हांहि तें दीडएक प्रकाशवर्ष अंतरावरून जाईल. मुद्दाम नेम धरून जवळच्या ताऱ्यावर सोडलेला जोरदार झोत ही गोष्ट निराळी.

"आपल्या रडारांच्या लहरी बाहेर जातच आहेत, मग आतां लपून काय उपयोग?" असा प्रतिपक्ष आहे. त्यास आमचें उत्तर असें कीं, सहज सांडलेलें बोलणें व वेशीवर उभें राहून दिलेली दवंडी यांत अंतर आहे. पहिल्यास जबाबदार कोणी नसतो, दुसरीस असतो. आणि मुद्दा केवळ भीतीचा नाहीं. वीस प्रकाशवर्षांवरील ताऱ्याकडे आज हाक मारली, तर उत्तर लवकरांत लवकर चाळीस वर्षांनीं येईल. तें उत्तर ऐकण्याची व त्याचा बरावाईट परिणाम भोगण्याची पाळी आजच्या विद्यार्थ्यांवर व त्यांच्या मुलांवर येणार. ज्यांस परिणाम भोगावयाचा, त्यांस न विचारतां शब्द देऊन बसणें घरच्या व्यवहारांतहि आपण शहाणपणाचें समजत नाहीं. मग अखिल मानवजातीच्या व्यवहारांत तें कसें समजावें?

सर्वांत बिकट आक्षेप निराळाच आहे: "सर्वच जण ऐकत बसले व कोणीच बोललें नाहीं, तर सारें विश्व मुकेंच राहील." हा आक्षेप खरा आहे, आणि यामुळेंच "कधींच बोलूं नये" असें आम्ही म्हणत नाहीं. पण आपलें वय पाहावें. रेडिओ-लहरींचें ज्ञान मनुष्यास होऊन दीडशें वर्षेंहि झालीं नाहींत. ताऱ्यांचीं वयें कोट्यवधि वर्षांचीं. तेव्हां या सभेंत दुसरें कोणी असलेंच, तर तें आपल्याहून वडील असण्याचाच संभव फार. नव्यानें सभेंत आलेल्या मुलानें प्रथम कान द्यावा, सभेची रीत समजून घ्यावी, आणि मग घरच्या सर्वांच्या अनुमतीनें उठून बोलावें, हें आम्हांस उचित वाटतें. शोधक मंडळींनींच 1989 सालीं कांहीं नियम संमत केले आहेत: खूण आढळल्यास आधीं ती पडताळावी, मग सर्व जगास सांगावी, आणि राष्ट्राराष्ट्रांत विचारविनिमय झाल्याशिवाय उत्तर धाडूं नये. हे नियम म्हणजे कायदा नव्हे. ते मोडणारास कोणी शिक्षा करूं शकत नाहीं. आमच्या मतें, त्यांस राष्ट्रांच्या सभेंत कायद्याचें बळ मिळणें इष्ट आहे, आणि तें उत्तरापुरतें नसावें. पहिली हाक मारण्यासहि तोच निर्बंध असावा.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढेंमागें अशा दुर्बिणीजवळ बसेल किंवा बसणार नाहीं. पण रोज हातांतील यंत्रावर "परग्रहवासी आले" अशा मथळ्याचीं चित्रें तुमच्याकडे येतात, आणि परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटली, अमुक औषधानें तमुक रोग बरा झाला, अमक्या जातीच्या लोकांनीं असें केलें, अशा वार्ताहि येतात. त्या पुढें ढकलण्यापूर्वीं शोधकांची कसोटी लावून पाहा. दुर्बीण बाजूला वळविली तरी लहर येतच आहे काय? म्हणजे, ज्यास ही वार्ता हवीशी वाटत नाहीं अशा तटस्थ ठिकाणाहूनहि ती मिळते काय? दुसऱ्या कोणास ती पुन्हा पडताळतां येते काय? शेजारच्याच पेटीचें दार कोणी उघडलें नाहीं ना? परग्रहाच्या खोट्या वार्तेनें कोणाचें फारसें बिघडत नाहीं. शेजाऱ्याविषयींच्या खोट्या वार्तेनें घरें जळतात.

आणि पालकांस आमची विनंति एवढीच. मुलानें "तेथें कोणी असेल काय?" असें विचारलें, तर "आधीं गणित कर" म्हणून त्यास गप्प करूं नका; गणित कां करावें याचें याहून चांगलें कारण त्यास मिळणें कठीण आहे. राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या अखेरीस, खोडद येथें विज्ञान-प्रदर्शन भरविण्याचा प्रघात आहे. जमल्यास मुलांस घेऊन जा. त्या तबकड्या किती निमूटपणें आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात तें त्यांस पाहूं द्या, आणि परत येतांना वाटेंत तीं जे प्रश्न विचारतील, त्यांचीं उत्तरें ठाऊक नसल्यास तसें मोकळेपणानें सांगा.